थेंब परत काढता येत नाही
(प्रस्तावना)

दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास या गावी, एका अत्तरशाळेच्या लांबट टेबलाशी माझी सात वर्षांची भाची बसली होती. समोर पायऱ्यापायऱ्यांच्या लाकडी मांडणीवर तपकिरी बाटल्यांच्या ओळी. शिकवणाऱ्या बाईंनी कागदाची एक पट्टी बाटलीत बुडवली, तिच्या नाकाखाली धरली आणि विचारलं, हा कसला वास? शेजारची मुलं माती, जंगल, आजोबांचं कपाट असं काहीबाही सांगत होती. ही एकदम मराठीत ओरडली, “माठ!”

बाईंना तो शब्द समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली. बाटलीवर नाव होतं ‘व्हेटिव्हेर’. म्हणजे आपला वाळा. उन्हाळा लागला की तिची आजी माठात वाळ्याची जुडी टाकते. भाचीने वाळा असा वेगळा कधी पाहिलाच नव्हता. तिने ओळखला तो मे महिन्यातल्या दुपारच्या पाण्याचा वास. गंमत अशी की ते फ्रेंच वाटणारं नावही मूळ तमिळ, ‘वेट्टिवेर’वरून गेलेलं. बाईंनी हसून तिच्या कागदावर व्हेटिव्हेरच्या पुढे ‘माठ’ असं रोमन लिपीत लिहून घेतलं, आणि पुढचा दीड तास त्या बाटलीला सगळं टेबल माठच म्हणत होतं.

हे पुस्तक त्या एका शब्दातून निघालं. प्रवासात लहान मुलांकडून अत्तर करवून घेणं हा वरवर पाहता सुट्टीतला एक खेळ. दोन तास जातात, मुलं गप्प बसतात, शेवटी हातात बाटली येते. पण त्या खेळामागे काही शतकांचा धंदा आहे, दोन-तीन अगदी वेगवेगळ्या परंपरा आहेत आणि मुलांच्या शिक्षणाचा एक दुर्लक्षित कोपरा आहे. या वाटेवर पहिल्यांदाच येणाऱ्या आईबाबांना, आजीआजोबांना आणि सहलीला मुलं घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना तो सगळा मुलूख एकदा उंचावरून दाखवावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी खेळ कसा चालतो ते सांगते. मुलाला दहा-बारा वास हुंगायला देतात. त्यांचे तीन गट असतात. लिंबू, संत्रं, बर्गामोट असे चटकन उडून जाणारे वास म्हणजे अत्तराचा माथा. गुलाब, मोगरा, लव्हेंडर असे काही तास टिकणारे म्हणजे गाभा. आणि चंदन, वाळा, पॅचुली, व्हॅनिला असे दुसऱ्या दिवशीही कपड्याला चिकटून राहणारे म्हणजे पाया. मूल प्रत्येक गटातून आवडेल ते निवडतं, ड्रॉपरने थेंब मोजतं, मोजनळीत टाकतं, कागदावर आकडे लिहितं. मग त्यात अल्कोहोल किंवा तेल घालून बाटली बंद. घरी नेल्यावर दोन-तीन आठवडे उघडायची नाही, वास एकमेकांत मुरू द्यायचे, अशी ताकीद मिळते. काही ठिकाणी मुलाचं सूत्र नोंदवून ठेवतात. बाटली संपली की तेच अत्तर पुन्हा मागवता येतं.

यात एक नियम फार कडक आहे. टाकलेला थेंब परत काढता येत नाही. चित्र खोडता येतं, मातीचा हत्ती मोडून पुन्हा करता येतो, भाजीत मीठ जास्त झालं तर बटाटा घालून वेळ मारून नेता येते. लवंगेचा एक थेंब जास्त पडला तर मात्र सगळी बाटली लवंगेची होते. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘आधी हुंग, मग ठरव, मग टाक’ हे इतक्या थोडक्यात शिकवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

हा खेळ ग्रासमध्येच का रुजला, याचं उत्तर दुर्गंधीत आहे. मध्ययुगात हे गाव चामडं कमावण्यासाठी प्रसिद्ध होतं, आणि चामडं कमावण्याचा धंदा किती घाण मारतो हे टॅनरीशेजारून गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. सोळाव्या शतकात सुगंधी हातमोज्यांची फॅशन फ्रान्सच्या दरबारात आली; इटलीतून सून म्हणून आलेल्या कॅथरीन द मेदिचीचं नाव तिच्याशी जोडलं जातं. ग्रासचे चर्मकार हातमोजे फुलांच्या वासात मुरवू लागले आणि ‘हातमोजे-अत्तरवाले’ असा एक दुहेरी पेशाच तयार झाला. पुढे अठराव्या शतकात चामड्यावरचे कर आणि बाहेरची स्पर्धा यांनी हातमोज्यांचा धंदा बसला. अत्तर मात्र उरलं. गावाभोवतीच्या उतारांवर मे महिन्यात शतपत्री गुलाब आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत जाईच्या जातीची फुलं उमलत. ही फुलं पहाटे खुडावी लागतात; ऊन चढलं की वास पातळ होतो. किलोभर जाईसाठी आठ ते दहा हजार फुलं वेचावी लागतात, हा आकडा मुलांना सांगून पाहा. बोटं मोजायला लागतात.

गॅलिमार (१७४७), मोलिनार (१८४९) आणि फ्रागोनार (१९२६) ही ग्रासची तीन जुनी घराणी. तिसऱ्याचं नाव मालकाचं नाही. याच गावात १७३२ साली जन्मलेल्या चित्रकाराच्या नावावरून ते ठेवलेलं आहे. दरम्यान प्रयोगशाळांनी अत्तराचा चेहराच बदलला. १८६८ साली विल्यम पर्किनने कुमारिन हे गंधद्रव्य प्रयोगशाळेत तयार केलं, १८७४ साली व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन आलं, आणि फुलात नसलेला वास बाटलीत भरणं शक्य झालं. १९२१ सालचं शनेल नंबर फाइव्ह हे त्या नव्या रसायनविद्येचं सर्वांत गाजलेलं अपत्य. शेतं आक्रसत गेली तशी ग्रासच्या कारखान्यांनी दारं पाहुण्यांसाठी उघडली: आधी कारखान्याची फेरी, मग दुकान, मग संग्रहालय (१९८९), आणि शेवटी ‘स्वतःचं अत्तर स्वतः करा’ अशा कार्यशाळा, त्यात मुलांसाठी वेगळी टेबलं. २०१८ साली युनेस्कोने ग्रास परिसरातली फुलशेती, कच्च्या मालाची पारख आणि गंधरचना ही कौशल्यं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. म्हणजे ज्या टेबलाशी मूल बसतं, ते टेबल पर्यटनाचं आहे हे खरं; पण त्याचे पाय जुन्या मातीत रोवलेले आहेत.

ग्रासची पद्धत रचनेची आहे. तिथले लोक संगीताची भाषा बोलतात. बाटल्यांच्या मांडणीला ‘ऑर्गन’ म्हणतात, वासाला स्वर, दोन-तीन वासांच्या जुळणीला स्वरमेळ. ग्रासच्याच ज्याँ कार्लने १९४६ साली तिथे अत्तरकारांची शाळा काढली तेव्हा विद्यार्थ्यांना वास जोड्याजोड्यांनी शिकवले: आधी एकमेकांहून अगदी वेगळे, मग सारखे वाटणारे. लहान मुलांच्या कार्यशाळेत आजही नकळत हेच चालतं.

दुसरी वाट आपल्या घराजवळची, उत्तर प्रदेशातल्या कनौजची. तिथे रचनेपेक्षा भट्टीला मान. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी, झाकणाच्या फटींना माती, बांबूच्या नळीतून वाफ भपका नावाच्या भांड्यात, आणि भपक्यात वाट पाहत असलेलं चंदनाचं तेल. भपका हाताला किती गरम लागतो यावर कारागीर आग कमी-जास्त करतो. तिथलं सर्वांत नवलाचं अत्तर फुलाचं नाहीच. भाजलेल्या मातीचं आहे. मिट्टी अत्तर म्हणजे पहिल्या पावसाचा वास. १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी त्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं, तेव्हा भारतातल्या या अत्तराचा उल्लेख त्यांनी केला होता. कनौजमध्ये लहान मुलांच्या हाती फारसं काही देता येत नाही. आगीचा मामला आहे. पण डेगेशेजारी उकिडवं बसून वास पाण्यातून तेलात जाताना पाहणं हाही एक धडा आहे.

आपल्याकडे गंधाचा विचार भट्टीपुरता नव्हता. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचं एक प्रकरण आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० चौकडी होतात, आणि प्रत्येक चौकडीतली प्रमाणं बदलत गेलं की एकूण १,७४,७२० गंध होतात, असा हिशेब त्यात मांडला आहे. गणितात आपण जे संयोग शिकलो, ते इथे वासासाठी मोजलेले आहेत. मराठीशीही या विद्येचा जुना संबंध आहे. भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ नावाच्या एका दुर्मिळ हस्तलिखिताचा अभ्यास केला. त्या ग्रंथावर मराठी टीका आहे, आणि तिचा काळ त्यांनी साधारण १३५० ते १५५० यांच्या दरम्यान ठरवला. म्हणजे काय घालावं, किती घालावं, केव्हा घालावं हे मराठीत सांगण्याची रीत साडेचारशे वर्षांहून कमी जुनी नसावी. हे पुस्तक त्या ओळीत फार मागे, पण त्याच ओळीत उभं आहे.

तिसरी वाट जपानची, आणि लहान मुलांच्या दृष्टीने मला सर्वांत आवडती. तिथे धूप हुंगत नाहीत, ‘ऐकतात’. गेंजी-को नावाच्या खेळात पाच वेळा धूप फिरवला जातो आणि त्यांतले कोणते सारखे, कोणते वेगळे हे ओळखायचं असतं. पाच उभ्या रेघा काढायच्या, सारखे वाटले त्या रेघांची डोकी जोडायची. अशा बावन्न आकृत्या होतात आणि प्रत्येकीला ‘गेंजीची कथा’ या जुन्या कादंबरीतल्या प्रकरणाचं नाव आहे. इथे काही तयार करायचं नसतं, विकत घ्यायचं नसतं. फक्त लक्ष द्यायचं. क्योटोसारख्या गावांत मुलांना ‘निओइ-बुकुरो’ म्हणजे वासाच्या छोट्या पिशव्याही भरायला मिळतात: दालचिनी, लवंग, चंदन, कापूर यांची भुकटी चमच्याने मोजायची आणि रेशमी कापडात बांधायची. अल्कोहोल नाही, काच नाही, सांडण्याची भीती नाही.

बालशिक्षणातही नाकाचा विचार झाला आहे, पण अर्धामुर्धा. मारिया माँटेसरी यांनी इंद्रियशिक्षणासाठी जी साधनं केली त्यांत वासाच्या डब्यांच्या जोड्या होत्या. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि तो विचार गुजराती-मराठी घरांपर्यंत आणला. तरी आज बालवाडीत गेलं तर रंगांचे तक्ते दिसतात, आकारांचे ठोकळे दिसतात, आवाजाच्या डब्याही कधी दिसतात. वासाच्या डब्या क्वचितच. प्रवासातल्या कार्यशाळा ती उणीव भरतात असं म्हणावंसं वाटतं, पण सगळ्याच भरत नाहीत. एका ठिकाणी मी पाहिलं: मुलांपुढे तयार मिश्रणाच्या तीन बाटल्या ठेवल्या होत्या, एक ‘फुलांची’, एक ‘फळांची’, एक ‘मिठाईची’. त्यांतल्या दोन एकत्र करायच्या, गुलाबी बाटलीत ओतायच्या, वर चकचकीत चिकटपट्टी. वीस मिनिटांत काम तमाम. मुलं खूश, आईबाप खूश. पण कुठल्याही मुलाला एकदाही ‘हा वास कशासारखा?’ असं विचारलं गेलं नाही. तिथे अत्तर झालं, शिकणं झालं नाही.

मला वाटतं, सगळा फरक या प्रश्नात आहे. वासाला नाव द्यायला माणसं अडखळतात हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या असिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांच्या अभ्यासात इंग्रजी बोलणारी माणसं रंगांची नावं पटापट सांगत होती. वासांपाशी मात्र ‘कशासारखा तरी’ म्हणत चाचपडत होती. मलेशियाच्या जंगलातल्या जहाई लोकांना मात्र दोन्ही सारखंच सोपं होतं, कारण त्यांच्या भाषेत वासांसाठी स्वतंत्र शब्द आहेत. म्हणजे दोष नाकाचा नसतो, सवयीचा असतो. नाकाची तयारी तर अफाट आहे. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली गंधग्राहकांच्या जनुकांचं मोठं कुटुंब शोधलं आणि त्यासाठी २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. माणसाच्या नाकात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक काम करतात.

आता मराठी पाहा. खमंग, खवट, कुबट, करपट, आंबूस, ओशट, धुरकट, उग्र. यांतल्या एकाही शब्दाला ‘सारखा’ जोडावं लागत नाही. वास हवेत कसा पसरतो याचेही वेगळे शब्द: दरवळ मंद असतो, घमघमाट दारातच अंगावर येतो, दर्प नाकात घुसतो, परिमळ रेंगाळतो. आपल्या आज्यांना हे शब्द स्वयंपाकघरात रोज लागत. शेंगदाण्याचं कूट खवट झालंय की नाही हे हुंगूनच ठरायचं. नातवंडांच्या वाट्याला मात्र दोनच शब्द उरले आहेत, ‘छान’ आणि ‘यक्’. अत्तराच्या टेबलाशी या दोन शब्दांवर भागत नाही. दोन बाटल्या ‘छान’ असतात, तरी त्यांतली एकच घ्यायची असते. मग त्यांच्यातला फरक सांगावा लागतो, आणि सांगायचा तर शब्द शोधावा लागतो. म्हणून हे अत्तराचं पुस्तक असलं तरी निम्मं भाषेचं आहे.

आत्ताच हे लिहावंसं का वाटलं, त्याला आणखी एक कारण. कोविडच्या साथीत कितीतरी घरांत कुणाचा ना कुणाचा वास गेला. फोडणी जळाली तरी कळेना, चहा म्हणजे गरम पाणी. नाक आहे याची आठवण आपल्याला ते बंद पडल्यावर झाली. त्यानंतर प्रवास पुन्हा सुरू झाले, जोरात सुरू झाले, पण ते जास्तीत जास्त डोळ्यांचे झाले. हजार फोटो येतात. त्या गावाला वास कसला होता, हे विचारलं की मुलं आणि मोठी एकमेकांकडे पाहतात.

ग्रासला जाणं सगळ्यांना जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. या पुस्तकातले निम्म्याहून अधिक खेळ हॉटेलच्या खोलीत, रेल्वेच्या डब्यात किंवा मामाच्या गावी करता येतात. खरं तर मराठी घराची स्वतःची एक अत्तरशाळा आहेच. ती वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी उघडते. वाळा, नागरमोथा, गव्हला, कचोरा, चंदन, आंबेहळद, गुलाबाच्या वाळक्या पाकळ्या अशी उटण्याची यादी वाचली की कळतं, यात पायाही आहे आणि गाभाही. उटण्याची तयार पुडी फोडण्याऐवजी एका वर्षी मुलांपुढे हे सगळे जिन्नस वाट्यांत मांडून पाहा.

थोडं सावधगिरीचंही सांगायला हवं, कारण ‘नैसर्गिक’ या शब्दावर आपला फार विश्वास असतो. शुद्ध सुगंधी तेल मुलांच्या त्वचेवर थेट लावायचं नाही. बर्गामोट किंवा लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. निलगिरी आणि पुदिन्याची तेलं अगदी लहान मुलांपासून दूरच ठेवायची. कापूर पोटात गेला तर विषारी ठरतो. अल्कोहोल पेटतं आणि गिळलं तर लहानग्यांना घातक असतं, म्हणून या पुस्तकातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठीच्या सगळ्या कृती तेलाच्या किंवा भुकटीच्या आहेत. दम्याचा त्रास असलेल्या मुलासाठी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि परतीच्या विमानात हातातल्या सामानात बाटली १०० मिलिलीटरपेक्षा मोठी बहुतेक ठिकाणी चालत नाही हे लक्षात ठेवा, नाहीतर सुरक्षा तपासणीच्या रांगेत रडारड होते.

हे पुस्तक काय नाही, तेही आधीच सांगून टाकते. हे अत्तरकार होण्याचं पाठ्यपुस्तक नाही. गावांची आणि कार्यशाळांची यादी, त्यांचे दर, वेळा यांतलं काही इथे नाही. ते दर मोसमात बदलतात. पाच ते दहा वर्षांच्या मुलाबरोबर वासाच्या टेबलाशी कसं बसावं, काय विचारावं आणि मुख्य म्हणजे कुठे गप्प बसावं, एवढंच सांगण्याचा इथे प्रयत्न आहे. या शेवटच्या कलमात बहुतेक मोठी माणसं नापास होतात, मीही झाले आहे. मूल चौथ्यांदा व्हॅनिला टाकायला लागलं की आपला हात आपोआप ड्रॉपरकडे जातो. जाऊ देऊ नका. गोड गोड, चिकट, डोकं दुखवणारं अत्तर करण्याचा प्रत्येक मुलाला एकदा हक्क आहे. पुढच्या वेळी ते स्वतःच तीन थेंबांवर थांबेल, आणि ते थांबणं त्याचं स्वतःचं असेल.

भाचीची बाटली आम्ही तीन आठवड्यांनी, ताकिदीप्रमाणे, पुण्यात उघडली. तिने वाळा इतका ओतला होता की बाकीचं सगळं त्याखाली दबलं होतं. आजीने झाकणाचा वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, “अगं, हा तर आपल्या माठाचा वास.” भाचीने बाटली हातात घेतली, पुन्हा हुंगली, थोडा विचार केला.

“नाही आजी,” ती म्हणाली, “माठ धुऊन उन्हात पालथा घातलाय ना, तेव्हाचा.”